हंगेरीचा फोटो

"आधी सांगायचं ना हो. देवाचं काम होतं."

वैशालीकाकू हे माझ्या आईला म्हणाल्या. भरल्या घरात. गौरीजेवणाचा दिवस होता. दुबईतला त्यांचा मोठा फ्लॅट. हॉलमध्ये नऊवाऱ्या, नथी, गजरे, अत्तराचा वास. भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर माझा फोटो. आणि माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात उलथणं. मागे तव्यावर तिची पुरणपोळी करपायला लागली होती.

फोटो काय होता ते सांगते. हंगेरीतल्या एका खेड्यातली शाळा. वर्गाची भिंत. भिंतीवर निळ्या कोटातला माणूस, डोळ्यांवर चष्मा, हातात पुस्तक. त्या तसबिरीशेजारी मी. हसतेय, अगदी दात काढून.

त्या माणसाचं नाव हॉलमध्ये कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. तो कोट महाराष्ट्रात सगळ्यांना ओळखता येतो. तो कुणाच्या घरात असतो तेही सगळ्यांना माहीत असतं. एक बाई तेवढी म्हणाली, "अय्या, म्हणजे तुम्ही त्यातले?"

त्यातले.

मग सगळ्यांच्या नजरा टीव्हीवरून निघाल्या आणि गौरींसमोरच्या नैवेद्याच्या ताटावर जाऊन थांबल्या. ताटात आईने लाटलेली पोळी होती. वर तूप घातलेलं.

"आम्ही काही मानत नाही हं," वैशालीकाकू म्हणाल्या. "पण घरात सासूबाई आहेत."

सासूबाई सोफ्यावर बसून मोबाइल बघत होत्या. त्यांना कुणी काही विचारलंही नव्हतं.

आता मागचं सांगते.

आम्ही शारजात राहतो, रोल्लाला. बाबा जबल अलीत कंपनीच्या बस चालवायचे. आता त्याच बसचे सुपरवायझर आहेत. आई पोळ्या करते. पुरणपोळी, गूळपोळी, दशम्या. दुबईतल्या निम्म्या मराठी घरांत तिच्या पोळ्या जातात आणि त्यातल्या बऱ्याच घरांत त्या पाहुण्यांना "घरी केल्या" म्हणून वाढल्या जातात. आईला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, वाढू देत, पोटात तर माझीच जाते.

इकडे मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की तीन प्रश्न येतात. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, कुलदैवत कोणतं. राहता कुठे, कंपनी कोणती, हे नंतर. आमचं आडनाव सगळ्या जातींत सापडतं. गाव सातारा जिल्ह्यात. कुलदैवताला आई पटकन खंडोबा सांगायची. बस, एवढ्यावर समोरची बाई मनातल्या मनात हिशेब मांडायची आणि आम्हाला सोयीच्या खणात बसवून टाकायची. आम्ही खोटं बोललो नाही. गावाकडे आमच्या आळीत खंडोबा आहेच. पण त्या हिशेबात आपण चुकीच्या जागी बसतोय हे आम्हाला कळत होतं, आणि आम्ही बसून राहिलो. मुलीला कुणी घरात घेतं, आईला ऑर्डर मिळतात, म्हणून.

आमच्या घरी निळ्या कोटातला फोटो कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. पोळ्या न्यायला गिऱ्हाईक यायचं ना. बाबा सकाळी ड्यूटीला निघताना कपाट उघडायचे, हात जोडायचे, शर्ट काढायचे, कपाट बंद करायचे. मी लहानपणापासून हेच पाहिलं. मला वाटायचं सगळ्यांच्या घरी देव कपाटातच ठेवतात.

वैशालीकाकूंचं ट्रेडिंगचं काम, मोठं. त्यांची मुलगी सानिका माझ्याच कॉलेजात. मी फी माफ होऊन शिकत होते, ती फी भरून. मग कॉलेजाने एका सेमिस्टरसाठी व्हिएन्नाला पाठवलं. दुबईच्या आम्ही चौघी मराठी मुली. तिथला माझा खर्च आईच्या पोळ्यांनी केला.

व्हिएन्नाहून कुठेही जाता येतं. शुक्रवारी लेक्चर संपलं की पाठीला सॅक आणि निघायचं. प्राग, क्राकोव, ब्रातिस्लाव्हा, साल्झबर्ग. रविवारी रात्री परत. मला ते सगळं आवडलं, खोटं कशाला बोलू. दगडी रस्ते, नदीवरचे पूल, न कळणाऱ्या भाषेतल्या स्टेशनवरच्या घोषणा. मी पहिल्यांदाच अशा जागी चालत होते जिथे माझं आडनाव कुणाला काही सांगत नव्हतं.

फक्त या तिघींना माझी जागा माहीत होती. जात माहीत नव्हती त्यांना. पण बसवाल्याची मुलगी हे माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं. हॉस्टेलमध्ये एक पलंग कमी पडला की सोफा माझा. भांडी माझी. "यू आर सो लो-मेंटेनन्स, यार," सानिका म्हणायची. मी ते कौतुक समजले. फोटोही मीच काढायचे. माझा हात हलत नाही म्हणे. चौघींचा एक अल्बम होता मोबाइलवर. कुणीही फोटो काढला की आपोआप त्यात जायचा. शेकडो फोटोंमध्ये त्या तिघी, आणि मी कॅमेऱ्यामागे.

प्रागला नदीकाठच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सानिकाने फॉइल उघडलं. दुबईहून कुणाबरोबर तरी आलेल्या पुरणपोळ्या. "मम्माच्या हातच्या," ती म्हणाली. मी तुकडा तोडला. काठापर्यंत पुरण, जायफळ जरा जास्त, दुमडलेली चौपदरी. आईची पोळी मी आंधळी झाले तरी ओळखेन. मला सांगायचं होतं, ही माझ्या आईची आहे. पण आईची ताकीद होती, गिऱ्हाईकाची फजिती करायची नाही. मी "मस्त आहे" म्हणाले आणि गिळलं. माझ्याच आईची पोळी दुसरीच्या आईच्या नावाने गोड मानून खाल्ली. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मग बुडापेस्ट. स्टेशनबाहेर काही बायका फुलं विकत होत्या. सावळ्या, लांब झगे, कडेवर पोरं. सानिकाने सॅक पुढे ओढली. "जिप्सीज. बॅग सांभाळ. दीज पीपल आर लाइक दॅट ओन्ली."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. मराठीत. वैशालीकाकूंच्याच डायनिंग टेबलावर, गावाकडच्या कुठल्याशा मोर्चाच्या बातमीवर. "ही लोकं अशीच." तेव्हा मी त्यांच्याकडे श्रीखंड खात होते.

बाबांनी मला आधीच व्हॉइस मेसेज पाठवला होता. हंगेरीला गेलीस तर तिकडे एक शाळा आहे म्हणे, त्याच लोकांच्या पोरांची, रोमा म्हणतात त्यांना. तिथे आपला फोटो आहे. कुणीतरी बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवलं होतं, आणि बाबांनी ते जपून ठेवलं होतं.

शनिवारी त्या तिघी गरम पाण्याच्या हौदात डुंबायला गेल्या. पोट दुखतंय असं सांगून मी मागे राहिले. मग ट्रेन पकडली. पुढे एक बस. मग चिखलाचा रस्ता, पत्र्याची घरं, एकच सार्वजनिक नळ, त्यावर बादल्यांची रांग. आजोळी गेल्यासारखं वाटलं. तीच गावाबाहेरची वस्ती. युरोपात.

सुटीचा दिवस असून शाळेत जादा तास चालू होता. मास्तर तरुण होता, त्याच वस्तीतला. तोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं, गावच्या शाळेत त्यांना वेगळ्या वर्गात बसवायचे, मंदबुद्धी म्हणून. मग कुणाकडून तरी या माणसाचं पुस्तक हाती आलं. वाचलं आणि वाटलं, हा आपल्याबद्दलच बोलतोय. म्हणून फोटो लावला. वर्गाच्या भिंतीवर, दारासमोर, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा.

मग त्याने मला विचारलं, "तुम्ही यांच्यातल्या?"

माझ्या आयुष्यात मला हा प्रश्न कुणी आदराने विचारला नव्हता. मी "हो" म्हणाले. मोठ्याने. त्याने पोरांना काहीतरी सांगितलं आणि पोरं उठून उभी राहिली. माझ्यासाठी. भांडी घासणारी, सोफ्यावर झोपणारी, लो-मेंटेनन्स मी. मी तिथे ढसाढसा रडले. मग एका पोराने माझ्याच मोबाइलने तो फोटो काढला, त्या तसबिरीशेजारी. अल्बमचं मला भानच नव्हतं. परतताना ट्रेनमध्ये कधीतरी तो आपोआप त्यात जाऊन बसला. शेकडो फोटोंत त्या तिघींनी तो पाहिलाही नाही. माझे फोटो कोण बघतं.

तर गौरीजेवणाचा दिवस. आईला वैशालीकाकूंनी सकाळीच बोलावलं होतं, पोळ्या घेऊन आणि "जरा हाताखाली". मला सानिकाची मैत्रीण म्हणून आमंत्रण. बाबांनी आम्हाला आणून सोडलं आणि ते खाली पार्किंगमध्ये गाडीत बसले. वर बायकांचं आहे म्हणून. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं मांडायची होती. तेवढ्यात सानिकाने मोबाइल टीव्हीला जोडला. "आंटीज, नाऊ आवर युरोप वीकेंड्स!" बायका कौतुकाने बघत होत्या. अगं बाई, प्राग. अगं बाई, केवढी थंडी. मग बुडापेस्ट. पूल, नदी, हौदातल्या तिघी. आणि मग मी आणि निळा कोट.

पुढचं सांगितलंच आहे.

कुणीतरी विचारलं, "पण वैशाली, पोळ्या तू घरी केल्यास म्हणालीस ना?" काकूंचा चेहरा लाल झाला. मग त्या घाईघाईने मदतनीस बाईला म्हणाल्या, "ताट उचल. दुसरा नैवेद्य करू. या पोळ्या खाली ड्रायव्हर लोकांना देऊन टाक. अन्न वाया नको."

खाली माझा बाप बसला होता.

सानिका पुटपुटली, "मॉम, स्टॉप. एव्हरीवन इज लुकिंग." तिला लाज वाटत होती ती लोक बघतात याची.

आईने उलथणं खाली ठेवलं. ती मान खाली घालून म्हणाली, "चुकलं, वहिनी."

ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. काय चुकलं? पुरण चुकलं? पहाटेपासून उभी राहून लाटल्या त्या चुकल्या? मी उठले. गौरींसमोर गेले आणि ताटातली पोळी उचलली. मागे कुणीतरी "अगं अगं" केलं. मी आईचा डबा घेतला आणि त्यात सगळ्या पोळ्या भरल्या. तव्यावरची करपलेलीसुद्धा.

"या माझ्या आईच्या आहेत," मी म्हणाले. "कुणाला द्यायच्या ते ती ठरवेल. आणि काकू, सानिकाने या प्रागला खाल्ल्यात. मम्माच्या हातच्या म्हणून. तिला काही झालेलं नाही."

आईचा हात धरून मी बाहेर पडले. कुणी थांबवलं नाही.

लिफ्टमध्ये आई माझ्यावर चिडली. दिवाळीच्या ऑर्डर गेल्या म्हणाली. हे शहाणपण युरोपातून आणलंस का म्हणाली. गाडीत बाबांनी डबा पाहिला. एवढ्या उरल्या? म्हणाले. मग आई रडली आणि सगळं सांगितलं. ड्रायव्हर लोकांचंही. बाबांनी इंजिन बंद केलं. डब्यातून करपलेली पोळी काढली आणि सावकाश, पूर्ण खाल्ली. मग म्हणाले, "चला."

ऑर्डर खरंच गेल्या. एकेक फोन. कुणाचे पाहुणे रद्द, कुणाला शुगर. जात कुणीच बोललं नाही. सानिकाचा मेसेज आला: सॉरी यार, मॉम इज ओल्ड स्कूल, बट यू शुड हॅव टोल्ड मी. म्हणजे चूक माझीच, न सांगण्याची. मी सांगितलं असतं तर प्रागच्या पायऱ्यांवर कुणी शेजारी बसवलं असतं?

मग वैशालीकाकूंचाच फोन आला. आईने स्पीकर लावला. आवाजात साखर. पार्ट्यांना तुमच्याच पोळ्या लागतात हो, दुसरीकडची चव नाही. देवाचं तेवढं सोडून बाकी सगळं पूर्वीसारखं चालू ठेवू. मग म्हणाल्या, "फक्त हिला तो फोटो अल्बममधून काढायला सांगा. ग्रुपवर उगाच चर्चा होते."

आईने माझ्याकडे पाहिलं. समोर ओटा मोकळा होता, परात कोरडी. मला माहीत होतं माझ्या एका शब्दावर काय जातंय. माझ्या शेवटच्या वर्षाचा वरखर्च, तिची एवढ्या वर्षांची मेहनत. तिलाही माहीत होतं. तरी तिने फोन माझ्यापुढे धरला.

"नाही," मी म्हणाले. "फोटो राहील."

आईने फोन ठेवला. "खलास," म्हणाली. मग उठली, कपाट उघडलं आणि आतला फोटो नखाने हळूहळू सोडवायला लागली.

भाड्याच्या घरात खिळा मारायचा नाही असा मालकाचा नियम आहे. बाबांनी खिळा मारला. फोटो आता हॉलमध्ये आहे, दारासमोर, जिथे गिऱ्हाईक उभं राहतं तिथे. कुलदैवत विचारलं की आई आता त्याच्याकडे बोट दाखवते. काहीजणी त्या दारातूनच परत गेल्या. त्यांना मी हाक मारली नाही, मारणारही नाही. ज्यांना माझ्या आईची पोळी हवी आहे त्यांनी इथे यावं, त्या फोटोसमोर उभं राहावं आणि आमच्या नावाने मागून न्यावी.