टोरीचं तेल आणि लढाईतली जीप

टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात वडे तळले तर पाहुणे खूश होतात. गिअर तळले तर सासरी तोंड दाखवायला जागा राहत नाही.

सिंदेवाहीत माझ्याकडे लिलावात घेतलेली लढाईतली जीप होती. चारी चाकांना ताकद वाटून देणाऱ्या तिच्या गिअरपेटीला मी मागून पुली बसवली, म्हणजे पट्टा लावून धान कांडायची मशीन चालवता येईल. (कल्पना माझीच. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात असलं येत नाही!) पेटी उघडताना आतलं जाड तेल सगळं सांडलं. तसलं तेल चांद्याशिवाय मिळत नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला लग्नाला याच जीपनं नेण्याचं मी सासऱ्यांना छाती ठोकून सांगितलं होतं.

"आता कसं कराचं जी?" बायको म्हणाली.

"बैलगाडीच्या आसाले काय लावतेत? मोहाच्या टोरीचंच तेल नं! तेल ते तेल!"

"अवो, थंडीत तुपावानी गोठते थे!"

"तुले मशीनीतलं काय समजते?"

मी पेटीत टोरीचं तेल ओतलं आणि उरलेला डबा जीपमध्ये ठेवला. दुपारच्या उन्हात जीप झकास पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरदेवाला घेऊन निघालो, तेव्हा मात्र माघाची थंडी होती. नाल्याच्या रेतीत मी चारी चाकं जोडली, तशी खालून कोणीतरी गळा काढला! पाठोपाठ खमंग वास आला.

"भाऊजी, कुठी तरी वडे तळून राह्यले!" बाशिंग सावरत नवरदेव म्हणाला.

"भूक लागली तुले," मी म्हणालो.

खाड्! चाकं जागीच अडकली. तेल गोठून पेटीच्या तळाशी बसलं होतं आणि वरचे कोरडे गिअर तापून जाम झाले होते. मुहूर्त जवळ आलेला आणि नवरदेव रेतीत उभा, रडवेला.

तेवढ्यात मागून मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, बैलगाडी कुरकुरत आली. कोरड्या आसामुळे बैल पार थकले होते. मामाजींनी नवरदेवाला वर घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "जवाईबापू, थे तेल उरलं हाय काय?"

मी जीपमधून डबा काढून दिला. आसाला तेल लागलं आणि गाडी आवाज न करता निघाली. मागून मी पायी!

मुहूर्त साधला. मांडवात मामाजी सगळ्यांना सांगत होते, "जवायाच्या तेलानंच नवरदेव टायमावर पोचला!" लोक पोट धरून हसले. मी मान खाली घालून पंगतीत बसलो. बायको वाढायला आली. पानात टोरीच्या तेलातले वडे पडले.

"खाऊन घ्या जी," ती गोड आवाजात म्हणाली, "गोठाच्या आंधी!"

मी खाल्ले. तेल उत्तम होतं हो! त्याला मी कधीच बोल लावला नाही.