सगळ्यांचा एकच छंद

काल नव्या खोक्यांचा गठ्ठा उतरला आणि पुठ्ठ्याचा तो कोरडा, गोडसर वास नाकात शिरताच मला लोणी काळभोरच्या आमच्या कारखान्यातली एक दुपार आठवली.

परदेशी गिऱ्हाइकांचे फोन कुणी घ्यायचे हे ठरवायला, माल पाठवण्याच्या आमच्या खात्यात सगळ्यांची इंग्रजीची परीक्षा होती. मी यवतमाळहून नवीन आलेली, इंग्रजीला घाबरणारी. आमच्यातल्या एकाने स्वतःची ओळख इंग्रजीत लिहून आणली होती, आणि तीच आम्ही सगळ्यांनी पाठ केली होती. माझा नंबर आला तेव्हा नारायण पेठेतून आलेल्या परीक्षक बाई चष्मा काढत मराठीतच म्हणाल्या, "अहो, तुमच्या खात्यात एकजात सगळ्यांना बागकामाचा छंद दिसतोय!"

मग म्हणाल्या, "ते पाठांतर राहू द्या. समजा, जर्मनीहून फोन आलाय. माल आज निघायला हवा होता, निघालेला नाही. बोला."

मी बोलले, "सर, टुडे नॉट पॉसिबल. मशीन स्टॉप. टुमॉरो इव्हनिंग शुअर. आय विल कॉल यू."

"'येस सर, टुडे' म्हणणं सोपं होतं की."

"उद्याचा फोनही मलाच घ्यायचाय ना, मॅडम."

बाई हसल्या आणि शेजारी बसलेल्या आमच्या खात्याच्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "फोन यांच्या टेबलावर ठेवा. बाकीचं इंग्रजी येईल."

तेव्हा वाटलं, बाईंना माझी दया आली. आज ते खातं मी चालवते, नव्या मुलांची परीक्षाही मीच घेते, आणि बाई काय तपासत होत्या ते मला पक्कं ठाऊक आहे. छंद मी कुणालाच विचारत नाही.