येतो म्हणणारा बाप

कुलूपवाल्याच्या हाताला दाद न देणारं कुलूप क्वचितच भेटायचं. पण सकाळी स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडायचा, तर रोज रणकंदन.

कारण लेक. लाडानं ठकू. पोर स्वमग्न, बोलणं मोजकं, ऐकणं पक्कं. दिवस कसा जाणार हे तिला आधी कळावं म्हणून आईनं भिंतीवर चित्रं लावली होती: दात, आंघोळ, नाश्ता, बाबा कामाला, मग मणी ओवायचे. बाबांच्या चित्रापर्यंत सगळं सुरळीत. तो पेटी उचलून "येतो" म्हणाला की पोर दाराला जी चिकटायची ती हलायची नाही. ओढलं तर स्वतःचाच हात चावायची.

"नुसता हट्ट. तुझ्या माहेरचा," तो म्हणायचा.

"माझ्या माहेरची माणसं निदान घरात तरी सापडतात," बायको ऐकवायची.

शेवटी त्यानं आतल्या खोलीच्या दाराला उंचावर कडी ठोकली. निघताना ठकूला आत घालायचं, कडी लावायची, ती रडून दमली की आईनं काढायची. दोन वर्षं हेच. वर शेजाऱ्याला सांगायचा, "कडी अशी बसवलीय, हत्ती आला तरी हलणार नाही." हत्ती कुठला, आत सात वर्षांची पोर होती.

एकदा "येतो" म्हणून निघाला आणि जिन्यातूनच परतला. किल्ल्या घासायची कानस आतल्या खोलीत राहिली होती. कडी काढली. ठकूनं त्याला पाहिलं, रडं गिळलं, नाक पुसलं आणि सरळ मण्यांच्या डब्याकडे गेली.

बायको बघतच राहिली. "अहो, तुम्ही येतो म्हणता. ती वाट बघते. आलात, तिचं काम झालं."

"मग काय, जातो म्हणू? तोंडात किडे पडतील."

"पडू देत."

दुसऱ्या दिवशी जीभ जड झाली, पण म्हणाला, "ठकू, जातो. दिवे लागले की येतो." ठकूनं भिंतीकडे पाहिलं आणि मणी घेऊन बसली. दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तो जिन्यात कान देऊन उभा राहिला. काहीच ऐकू येईना. त्या शांततेनं त्याला जे सुनावलं, ते बायकोनंही कधी सुनावलं नव्हतं.

संध्याकाळी एका गिऱ्हाइकाचं कुलूप अर्धवट ठेवून तो दिवेलागणीला घरी पोचला आणि आधी कडी उखडली. भोकं पुट्टी भरून बुजवली, वर रंग मारला. काम नेहमीसारखं सफाईदार.

पण त्या दारातून जाताना ठकू अजून थांबते, मान वर करते, नसलेली कडी बघते, मगच आत पाऊल टाकते.