शेवटच्या पायरीवरून ऐकलेला प्रॉम्प्टर

माझी मुलगी अथेन्सला नोकरी करते. तिनं पहिल्यांदा बोलावलं, तेव्हा माझ्या बायकोनं विमानात बसायला साफ नकार दिला. "तुमच्या दोस्ताले घेऊन जा, मी इथं बरी आहो," ती म्हणाली. म्हणून तिरोड्याचे साठी उलटलेले दोघं, एक निवृत्त मास्तर आणि एक शिंपी, ग्रीस पाहायला गेलो.

हा शिंपी माझा शाळेपासूनचा मित्र. दिवसा दुकानात मशीन चालवायचा आणि दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचे, दिवस लागले की गावोगावच्या नाटकांत प्रॉम्प्टर म्हणून जायचा. तीस वर्षं त्यानं हे काम केलं. हातात वही घेऊन विंगेत बसायचं आणि नट अडला की पुढचं वाक्य असं सांगायचं, की ते त्याच्याच कानात पडावं, समोर बोऱ्यावर बसलेल्या माणसांना कळूही नये. नवा मास्तर असताना हौसेपोटी मीही एका नाटकात उभा राहिलो होतो. ऐन प्रसंगात माझी जीभ टाळूला चिकटली. विंगेतून त्याचा तो दाबलेला, कोरडा आवाज आला, "आई, मी घर सोडून नाही, घर घ्यायला चाललो," आणि मी वाचलो. लोकांनी टाळ्या मला दिल्या.

त्या पहिल्या फेरीत मुलीनं आम्हाला एपिडॉरसचं जुनं नाट्यगृह पाहायला एका सहलीच्या बसमध्ये बसवून दिलं. डोंगराच्या पोटात कोरलेल्या पन्नासहून जास्त पायऱ्या, खाली मातीचं गोल रिंगण, आणि मागं पाइनची झाडी. गाइड बाईनं रिंगणाच्या मधोमध उभं राहून कागद फाडला, तो आम्हाला वर ऐकू आला. मग सगळी बस एकेक करून खाली गेली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाणं टाकलं. माझा मित्र जागचा हलला नाही.

"जा ना गा, तूही बोलून पाह्य," मी म्हणालो.

"एवढ्या लोकाईसमोर? मी काऊन बोलू? मी कधी समोर आलो का?"

चाळीस मिनिटांनी बसनं बोलावलं. परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत होता. अथेन्स जवळ आल्यावर म्हणाला, "मास्तर, इथं पुन्हा या लागते."

पुन्हा जायला चार वर्षं गेली. या सप्टेंबरात आम्ही सहलीच्या भानगडीत पडलो नाही. नाट्यगृहापासून थोड्या अंतरावर समुद्रकाठी एक लहान गाव आहे, तिथं एका बाईच्या घरी तीन दिवसांसाठी खोली घेतली आणि सकाळी दार उघडायच्या आधीच टॅक्सीनं जाऊन उभे राहिलो. आत आम्ही दोघं, एक म्हातारं परदेशी जोडपं आणि एक पहारेकरी.

आधी मित्रानं खिशातून शिंप्याची फीत काढली. पायरीची उंची मोजली, खोली मोजली. मग मला हाक मारली. "हे पाह्य. बसाची जागा पुढं, अन् तिच्या मागं हे खोलगट केलं आहे. कायले? तर मागच्याचे पाय आपल्या पाठीले लागू नये म्हणून. अन् समोरून दगड आतून कोरला, उठताना टाच मागं घेता यावी. मास्तर, यानं माणूस बसवून माप घेतलं आहे!" दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराचं इतकं मोकळं कौतुक मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी याच पायऱ्यांवर बसलो होतो, पण मला त्या फक्त जुन्या दिसल्या होत्या.

"तू वर जा. पार शेवटच्या पायरीवर," तो म्हणाला.

माझे गुडघे कुरकुरत होते. मध्ये दोनदा बसलो. वर पोचून वळलो तेव्हा रिंगणाच्या मधोमध बसवलेल्या गोल दगडाजवळ तो बोटाएवढा दिसत होता. त्यानं हात वर केला नाही की छाती पुढं काढली नाही. खाली बसला, एक गुडघा उभा ठेवून, विंगेत बसायचा तसा.

आणि माझ्या कानाशी आवाज आला. "आई, मी घर सोडून नाही, घर घ्यायला चाललो."

तोच दाबलेला, कोरडा आवाज. मध्ये एवढ्या पायऱ्या होत्या, पण एक अक्षर सांडलं नाही. मधल्या पायऱ्यांवर बसलेल्या परदेशी म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्याला शब्द काय कळले असतील! मित्र पुढची वाक्यं सांगत राहिला, आईची, भावाची, सावकाराची, सगळी पाठ. मी वरून माझी वाक्यं म्हणायला लागलो आणि या वेळी अडलो नाही.

मी खाली उतरलो तोवर पहारेकरी त्याच्याजवळ आला होता. गाणं-ओरडणं तिथं चालत नाही. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्यानं हसून इंग्रजीत विचारलं, "ॲक्टर?"

"नो ॲक्टर," मित्र म्हणाला आणि पाठीमागं बोट दाखवलं. "बॅक. आय बॅक."

पहारेकऱ्यानं त्याचा हात हातात घेऊन दाबला. मित्राचे डोळे भरले होते. मला म्हणाला, "तीस वर्षं जीव मुठीत धरून बोललो, का कोणाले ऐकू जाऊ नये. बांधणाऱ्यानं पाह्य काय केलं. वाया काही जाऊच देत नाही."

दुसऱ्या दिवशी घरमालकिणीनं आम्हाला संत्र्यांच्या बागांमधून जाणारी समुद्राची वाट दाखवली. तिथं काठापासून थोड्या अंतरावर एक जुनं घर बुडालेलं आहे. मित्र गावाकडं चोरखमाऱ्याच्या तलावात पोहायला शिकलेला, तिनं दिलेला पाण्याखाली पाहायचा चष्मा लावून तो सरळ आत गेला आणि वर येऊन ओरडला, "मास्तर, रांजण आहेत खाली! रेतीत तोंडापर्यंत गाडलेले! ये!"

"मले पोहता येते का?"

"मी धरतो ना."

त्यानं मला छातीभर पाण्यात नेलं, चष्मा माझ्या डोळ्यांवर चढवला आणि पोटाखाली दोन्ही हात देऊन आडवं केलं. थोडा वेळ मी नुसता धडपडलो, खारं पाणी प्यालो. मग हळूहळू त्यानं मला पुढं ढकललं आणि तळ दिसला. दगडी भिंतीची सरळ रांग, खोलीचा कोपरा, आणि रांजणांची गोल तोंडं, त्यांतून बारीक मासे आत-बाहेर करत होते. कुणीतरी इथं धान्य भरलं असेल, तेल भरलं असेल. श्वास संपला की तो मला वर काढायचा, आणि मी लगेच म्हणायचो, "अजून एक बार."

कधीतरी त्यानं हात काढून घेतले. मला ते नंतर कळलं.

संध्याकाळी बायकोला फोन करून सांगितलं, की मी समुद्रात तरंगलो.

"तुमी?" ती म्हणाली. "फोन त्याहिले द्या बरं."

मित्रानं फोन घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "हो वहिनी. मी पाहून राहिलो होतो."