दारावरची नोटीस

समोरच्या सुनंदाच्या दारावर बँकेने नोटीस चिकटवली आहे. थकलेले हप्ते भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊ. आज सकाळी पाहिलं, तर ती त्याच दारात उंबरा धुऊन हळदीकुंकू वाहत होती.

“जाणाऱ्या घराचा उंबरा कशाला पुजतेस गं?” मी विचारलं. मला गोड बोलता येत नाही.

“जाणारं कोण म्हणालं, काकू? नोटीस दाराला लावलीय, उंबऱ्याला नाही.”

लोक म्हणतात, ऐपत नव्हती तर घर घेतलं कशाला? मी चौथी शिकलेली, पण एवढं मला कळतं की घेताना तिच्या नवऱ्याला पगार होता. कारखाना काही त्याने बंद पाडला नाही. सरकारने अनुदान दिलं, फोटो काढून किल्लीही दिली. नोकरी गेली तर हप्ते चार महिने थांबतील, अशी सोय मात्र कुणी केली नाही.

दुपारी ती नवऱ्याच्या नव्या कामाची चिठ्ठी घेऊन निघाली, बँकेत हप्ता लहान करून मागायला. मीही चपला घातल्या.

“तुम्ही कशाला, काकू?”

“साहेब बसा म्हणाला तर बसेन,” मी म्हटलं. “उठा म्हणाला तर मला ऐकू येत नाही.”