मीटरच्या पेटीतला बापूस

आमच्या मालवणच्या घरात विजेचा मीटर ओटीवर एका लाकडी पेटीत होता. पेटीचे दार नीट लागत नसे, म्हणून चिमण्यांनी आत घरटे केले. मीटर वाचायला येणाऱ्या वायरमनला काकांनी स्टुलावर चढू दिले नाही. "पिल्लां उडांदेत, मग वाच तुझे आकडे."

काका म्हणजे माझ्या आईचे दुसरे यजमान. माझे वडील मी दोन वर्षांची असताना गेले. हे घरात आले तेव्हा मी चार वर्षांची. तोंडाला 'काका' बसले ते बसलेच. माणूस चांगला, पण फटकळ. बांगड्याच्या कढीत मीठ कमी की जास्त, यावरून आईशी भांडल्याशिवाय घास उतरायचा नाही.

घरट्यातल्या चिमण्याचे मात्र त्यांना भारी कौतुक. तो दिवसभर किडे आणून चार पिल्लांना भरवायचा. काका न्हाव्याच्या दुकानात बसून सांगत, "बापूस व्हयो तर असो." बाप असावा तर असा.

ऐंशीचे दशक संपत आलेले. मी बी.एस्सी. होऊन घरीच होते. रक्तावरून पिल्लाचा बाप ओळखायची नवी रीत निघाली होती, ती चिमण्यांवर करून बघायला एक संशोधक बाई आल्या आणि मी त्यांची मदतनीस झाले. जाळे लावून चिमणा-चिमणी धरली, पिल्लांसकट सगळ्यांचे थेंबभर रक्त घेतले आणि सोडून दिले. नळ्या बर्फाच्या डब्यात. एस.टी.चा कंडक्टर मासळी समजून डबा टपावर टाकायला सांगू लागला. बाई त्याच्याशी भांडून डबा मांडीवर घेऊन गेल्या. काकांनी त्यांना बजावले होते, "निकाल इलो की कळवा. वाडीत सगळ्यांक कळूक व्हया."

पत्र आले तोवर पेटीत दुसरी वीण आली होती. रक्त तपासले की फिल्मवर ज्या रेघा उमटतात, त्यांतली प्रत्येक आईकडून नाहीतर बापाकडून यायला हवी. दोन पिल्लांच्या काही रेघा आमच्या चिमणा-चिमणीत कुठेच नव्हत्या. म्हणजे त्या दोघांचा बाप दुसराच; चिमणीबाईंनी शेजार पाहिला होता.

मी पत्र तांदळाच्या डब्यात दडवले. आधीच वाडीतले लोक काकांच्या मागे माझ्यावरून म्हणत, 'दुसऱ्याचा चेडू पोसता.' त्यात हे. त्यांना फार लागेल, म्हणून माझा जीव टांगणीला. आठव्या दिवशी ते आईला सापडले आणि तिने सरळ त्यांच्या हातात दिले. या बाईने जन्मात काही लपवले नाही.

काकांनी चष्मा लावून दोनदा वाचले.

"तेका ठावूक आसा?"

"कोणाक?"

"चिमण्याक."

"नाय. तेका कसा कळतला?"

"माका ठावूक होता," ते म्हणाले. "तरी मिया तुका कदी उपाशी ठेवलंय?"

मला रडू फुटले, आणि रागही आला. आठ दिवस मला अन्न गोड लागले नव्हते, ते सगळे फुकट. तेवढ्यात ओटीवर वायरमन स्टूल मागू लागला. मी डोळे पुसत बाहेर गेले.

"पुढच्या म्हयन्यात येवा. पिल्लां आसत. बाबा उघडूक देणत नाय."

तो पुटपुटत गेला. आपण काय बोलून गेलो, ते मला मागाहून कळले. आत ऐकू गेले असावे. त्या दुपारी आई कढीत मीठ घालायलाच विसरली होती, आणि ते मुकाट्याने दोनदा मागून जेवले.