तारेचा उजवा पीळ

पस्तिसाव्या वर्षी ती पदवीच्या वर्गात जाऊन बसली, तेव्हा मुलांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव पाडलं, पार्लरताई. तिने ते हसून घेतलं. सकाळी जीवरसायनशास्त्र, दुपारपासून भावाच्या पार्लरमध्ये गिऱ्हाइकांचे केस. केस म्हणजेही प्रथिनच, हे कळलं त्या दिवशी तिने गिऱ्हाइकाच्या बटेकडे इतका वेळ पाहिलं की बाई म्हणाली, "अगं, उवा आहेत का?"

भावाने एकच अट घातली होती. "एकदाच. नापास झालीस तर पुन्हा कॉलेजचं नाव काढायचं नाही."

म्हणूनच प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस जड होता. प्रथिनाच्या साखळीचा पीळ तारेने करून दाखवायचा होता. कपाटात विभागाचा जुना नमुना होता, सगळ्यांनी त्याच्यावरूनच वळवला. तिने मात्र पुस्तक वाचून. गेली सोळा वर्षं रोज बोटांनी केस पिळत आली होती ती. पीळ कोणत्या हाताचा, हे तिला डोळे मिटून कळायचं.

सरांनी तिची तार उचलली. "उलटी केलीत, ताई."

"नाही सर. उलटा तो कपाटातला आहे."

वर्गात खसखस पिकली. सरांचे कान तांबडे झाले. "तो मी स्वतः केलाय. वीस वर्षं मुलं त्यावरूनच शिकतात."

"मग वीस वर्षं चुकीचं शिकतायत."

"हे बघा," सर आवाज खाली आणून म्हणाले, "पाच मिनिटं देतो. पीळ उलटा फिरवून आणा, पास करतो. उगाच वर्ष घालवू नका."

पाच मिनिटांचं काम होतं. तिच्या बोटांना तर दोनही लागली नसती. तिला भावाचा चेहरा दिसला. तिने हात पाठीमागे बांधले.

"नाही फिरवणार."

मग तिने सरांच्याच पाण्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि तार बाटलीच्या तोंडाशी धरली. "हे आटे बघा. समोरून उजवीकडे चढतात, हाच उजवा पीळ. माझी तारही तशीच चढते. खालचं वर केलं तरी तशीच. पुस्तकात प्रथिनाला उजवा पीळच म्हटलंय. आता तुमचा धरा."

सरांनी कपाट उघडलं. नमुना बाटलीशेजारी धरला. मग डोक्यावर उभा केला. पुन्हा सरळ केला. दोन्ही वेळा तो डावीकडेच चढला.

सरांनी वहीत आकडा टाकला. तिने मान लांब करून वाचला. दहापैकी आठ.

"दोन कशाचे कापले?"

"तार जागोजाग वाकडी आहे."

तिने निरखून पाहिली. होती.

"ते मान्य," ती म्हणाली. "पण या पोरांचे कापू नका. त्यांनी तुमचंच पाहून केलंय."

सरांनी वही मिटली आणि पीळ पुन्हा करून घ्यायला वर्गात नवी तार वाटायला सांगितली.